पातेल्यातून वाफ जाते, साखर राहते

पाच गॅलनचं, म्हणजे साधारण १९ लिटरचं स्टीलचं पिंप घरी केलेल्या बिअरने भरायचं असेल, तर सकाळी किती पाणी घेऊन बसायचं? अमेरिकेत हा छंद नव्याने लागलेला माणूस हमखास बावीस-तेवीस लिटर म्हणतो. मध्यम ताकदीच्या साध्या पेल एलसाठी माझ्या भांड्यांपुरतं उत्तर ३२ लिटर आहे. मधले तेरा लिटर कुणी चोरत नाही, आणि त्यातले बरेचसे टाळताही येत नाहीत. पण ते कुठे जातात हे ठाऊक नसलं की बिअर दर खेपेला निराळी होते. कधी पाणचट, कधी फार लवकर चढणारी, कधी नको तितकी कडू. कृती तीच, धान्य तेच, यीस्ट तेच. बदललेलं असतं ते पाणी.

मी कोलोराडोत राहतो. याच राज्यातल्या बोल्डर गावी १९७८ साली चार्ली पपाझियन आणि चार्ली मॅट्झेन यांनी अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशन सुरू केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरी स्वतःपुरती बिअर करण्याला केंद्राची मुभा मिळाली: एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन. विकायची मात्र नाही. ब्रिटनने परवान्याची अट १९६३ सालीच काढून टाकली होती. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा गुन्हा आहे, तेव्हा तिथल्या वाचकाने हे वाचून शेगडी पेटवू नये. पण पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरीत काचेपलीकडची ती चकचकीत भांडी पाहून आत नेमकं काय चालतं असा प्रश्न पडला असेल, तर त्या मोठ्या भांड्यातला हिशोबही मुळात हाच असतो.

आधी कृती थोडक्यात. मोड आणून वाळवलेले जव, म्हणजे माल्ट, भरडायचे आणि ६५ ते ६८ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर भिजत ठेवायचे. धान्यातल्याच एन्झाइम्समुळे पिठाची साखर होते. त्या गोड पाण्याला वर्ट म्हणतात. वर्ट चोथ्यातून निथळून घ्यायचं, हॉप्स घालून तासभर उकळायचं, झटपट थंड करायचं, बंद भांड्यात यीस्ट घालून दोनेक आठवडे आंबवायचं आणि वरची नितळ बिअर पिंपात काढायची. या प्रत्येक पायरीवर थोडं थोडं द्रव मागे राहतं.

माझा पाच किलो माल्टचा नेहमीचा हिशोब असा. किलोमागे एक लिटर या दराने चोथा पाच लिटर पिऊन बसतो. कापडी पिशवीत धान्य भिजवून शेवटी पिशवी पिळून काढणाऱ्यांचं हे नुकसान जवळपास निम्म्यावर येतं. निथळण्याच्या भांड्यात तोटीच्या खाली राहणारं अर्धा लिटर कधीच बाहेर येत नाही. तासाभराच्या उकळीत चार लिटर वाफ होऊन जातं. उकळून झाल्यावर पातेल्याच्या तळाशी हॉप्सचा लगदा आणि गोठलेल्या प्रथिनांचा गाळ बसतो, त्यात दोन लिटर अडकतं. आंबवण्याच्या भांड्यात यीस्टच्या थरासोबत दीड लिटर राहतं. पाच, अर्धा, चार, दोन, दीड: झाले तेरा. ३२ मधून तेरा वजा केले की पिंपात १९.

ही सगळी नुकसानं एकाच रांगेत मांडली की ती एकाच जातीची वाटतात. इथेच बहुतेक लोक फसतात. चोथा, गाळ आणि यीस्टचा थर जे घेऊन जातात ते वर्ट असतं किंवा बिअर असते, त्यासोबत साखरही जाते. उकळीत मात्र फक्त पाणी जातं. साखर वाफ होऊन उडत नाही. बासुंदीसाठी दूध आटवताना दुधातला गोडवा जसा कढईतच राहतो आणि दाट होत जातो, तसंच इथे होतं. म्हणून गाळात दोन लिटर जास्त गेलं तर बिअर कमी मिळते पण असते तशीच. उकळीत दोन लिटर जास्त गेलं तर बिअर कमीही मिळते आणि दुसरीच होते. पहिल्या प्रकारच्या तुटीत पाणी ओतून भरपाई केली तर बिअर पातळ होते. दुसऱ्या प्रकारच्या तुटीत पाणी ओतणं हाच बरोबर उपाय आहे. तूट कुठली आहे हे न पाहता किटलीकडे हात जाणं हे घरगुती बिअर बिघडण्याचं मला दिसलेलं सर्वांत मोठं कारण आहे.

साखर जागेवर राहते या एका गोष्टीवर सगळं गणित उभं आहे, आणि ते शाळेतल्या गुणाकाराइतकं सोपं आहे. वर्टचा दाटपणा ग्रॅव्हिटीने सांगतात. पाण्याची ग्रॅव्हिटी १.०००, आपल्या पेल एलच्या वर्टची उकळीनंतरची १.०५०. यातले ५० हे 'पॉइंट' धरायचे आणि लिटरने गुणायचे. उकळी संपल्यावर माझ्या पातेल्यात थंड मापाने २२.५ लिटर हवं असतं, म्हणजे २२.५ गुणिले ५०, एकूण ११२५ पॉइंट. उकळीआधीही एवढेच पॉइंट असले पाहिजेत, फक्त २६.५ लिटरमध्ये पसरलेले. ११२५ भागिले २६.५, म्हणजे उकळीआधीची ग्रॅव्हिटी साधारण १.०४२ हवी. हे दोन आकडे, २६.५ लिटर आणि १.०४२, हातात असले की उकळी सुरू होण्याआधीच शेवट दिसतो.

समजा त्या दिवशी आच मोठी राहिली आणि चारऐवजी साडेपाच लिटर उडालं. राहिलं २१ लिटर, ग्रॅव्हिटी गेली १.०५४ वर. आच मंद राहिली आणि अडीचच लिटर उडालं, तर २४ लिटर आणि १.०४७. नेहमीसारखं आंबवलं तर पहिलीत अल्कोहोल ५.३ टक्क्यांच्या आसपास, दुसरीत ४.६. एकाच कृतीच्या या दोन बिअर शेजारी ठेवून प्यायल्या तर कुणालाही फरक कळेल.

एवढं पाणी उडवायला किती उष्णता लागते याचा पहिला नीट हिशोब ग्लासगोत झाला. तिथल्या विद्यापीठात शिकवणाऱ्या जोसेफ ब्लॅक यांनी १७६२ साली सपाट बुडाच्या पत्र्याच्या भांड्यात पाणी घेऊन ते एकसारख्या आचेवर ठेवलं आणि उकळी यायला किती वेळ लागतो आणि पुढे सगळं आटायला किती हे मोजलं. आटायला उकळी येण्याच्या सुमारे पाचपट वेळ लागला, आणि त्या सगळ्या काळात पाण्याचं तापमान जराही वाढलं नाही. एवढी उष्णता गेली कुठे? पाण्याची वाफ करण्यात. तिला त्यांनी सुप्त उष्णता म्हटलं. आज आपण सांगतो की १०० अंशांवरचं एक किलो पाणी वाफ करायला २२५७ किलोज्यूल लागतात. तेच पाणी २० अंशांवरून १०० वर न्यायला सुमारे ३३५ पुरतात.

ब्लॅक यांच्या या आकड्यातून घरगुती बिअर करणाऱ्याला एक अत्यंत उपयोगी गोष्ट मिळते. पाणी उकळायला लागलं की ते किती वेगाने उडेल हे मुख्यतः किती उष्णता आत जाते यावर ठरतं, पातेल्यात किती पाणी आहे यावर नाही. तासाला चार लिटर उडवायला सुमारे अडीच किलोवॅट उष्णता सतत पाण्यात शिरली पाहिजे. अमेरिकेतल्या १२० व्होल्टच्या साध्या प्लगवर चालणारी विजेची पातेली १६०० वॅटची असतात. त्यांतली सगळी उष्णता वाफेच्या कामी आली तरी तासाला अडीच लिटरपलीकडे जाणं त्यांना शक्यच नाही, आणि भांड्याच्या अंगातून गळणारी उष्णता वजा केली की त्याहूनही कमी. प्रोपेनच्या बर्नरमधून कितीतरी जास्त उष्णता निघते, पण तिचा मोठा हिस्सा पातेल्याच्या कडेने वर निघून जातो. अंगणात वारा असला की आणखी. म्हणून त्याच बर्नरवर त्याच पातेल्याचा वाऱ्याच्या दिवशीचा आणि शांत दिवसाचा आकडा वेगळा येतो. हवा कोरडी की दमट याला लोक फार महत्त्व देतात. पाणी तापत असताना आणि निवत असताना त्याचा परिणाम होतो, खळखळत्या उकळीत तो नगण्य असतो.

हे एकदा पटलं की पुस्तकांतून आणि कृतींतून सतत भेटणारा 'तासाला दहा टक्के' हा नियम किती घातक आहे ते दिसतं. कारखान्यात तो चालतो. तिथे भांडं ठरलेलं, बर्नर ठरलेला, दर वेळी भरायची पातळी ठरलेली, त्यामुळे टक्के म्हणा की लिटर म्हणा, गोष्ट एकच. घरी तसं नसतं. समजा तुम्ही वरची कृती अर्धी करायचं ठरवलं. उकळीआधी १३.२५ लिटर वर्ट घेतलं, ग्रॅव्हिटी बरोबर १.०४२. मोठ्या खेपेत २६.५ मधून चार लिटर गेलं, म्हणजे पंधरा टक्के, तर आता तेरामधून दोन जाईल असा अंदाज बांधला. बर्नरला तुमचे टक्के माहीत नाहीत. तो याही वेळी चारच लिटर उडवतो. हातात राहतं सव्वानऊ लिटर आणि ग्रॅव्हिटी १.०६१. पाच टक्क्यांची हलकी पेल एल करायला निघालेला माणूस सहा टक्क्यांची जड बिअर घेऊन बसतो, आणि दोष माल्टला देतो. घरी बिअर करणाऱ्याने टक्के विसरून जावेत आणि आपल्या पातेल्याचा, आपल्या आचेवरचा तासाचा लिटरचा आकडा पाठ ठेवावा, असं माझं ठाम मत आहे.

पाणी उडवणं एवढं महाग आणि बेभरवशाचं असेल तर उकळायचंच कशाला? उकळीत पाच-सहा कामं एकदम होतात. जंतू मरतात, उरलेले एन्झाइम्स थांबतात, हॉप्समधली कडू आम्लं रूप बदलून पाण्यात विरघळतात, प्रथिनं गोठून खाली बसतात, रंग थोडा गडद होतो. आणि एक नकोसा वास निघून जातो. माल्टमध्ये एस-मिथिलमिथिओनिन नावाचं द्रव्य असतं. ते तापलं की त्यातून डायमिथाइल सल्फाइड तयार होतं, ज्याला सगळे डीएमएस म्हणतात. त्याचा वास शिजवलेल्या मक्यासारखा किंवा कोबीसारखा येतो. डीएमएस ३७ अंशांनाच उकळतं, म्हणजे उकळत्या वर्टमधून ते वाफेबरोबर सहज पळतं. अट एवढीच की पळायला वाट हवी. पातेल्यावर गच्च झाकण ठेवलं तर वाफ झाकणाला लागून थेंब होते आणि डीएमएस परत आत टपकतं. म्हणून पाणी वाचवायला झाकण लावायचा मोह आवरायचा. उकळी येईपर्यंत झाकण जरूर ठेवा, इंधन वाचतं, पण उकळी फुटली की काढा.

अगदी फिकट, कमी आचेवर वाळवलेल्या पिल्सनर माल्टमध्ये हे द्रव्य जास्त उरलेलं असतं. त्यामुळे पिल्सनर दीड तास उकळायची जुनी रीत आहे. जास्त भाजलेल्या पेल माल्टला तासभर पुरतो. उकळी किती जोराची असावी याबद्दल मात्र बराच गैरसमज आहे. कारंज्यासारखं उसळणारं पातेलं पाहून समाधान वाटतं, पण त्याने बिअर सुधारत नाही. पृष्ठभाग सतत हलता, खालचं वर्ट वर येत राहिलेलं, एवढं पुरे. मोठ्या ब्रुअऱ्यांनीही इंधनाच्या खर्चापायी गेल्या काही दशकांत हेच केलं: जिथे पूर्वी उकळीत आठ-दहा टक्के पाणी उडवत, तिथे आता चार-पाच टक्क्यांवर भागवतात. घरी आच थोडी कमी केली तर पाणी, गॅस आणि उतू जाण्याची भीती, तिन्ही कमी होतात.

उतू जाणं ही उकळीतली एकच अशी तूट आहे जी साखर सोबत घेऊन जाते. उकळी फुटायच्या वेळी प्रथिनांचा फेस एकदम चढतो, आणि पहिले हॉप्स टाकले की पुन्हा एकदा. चिकट वर्ट बर्नरवर सांडलं की जळून काळं होतं आणि धुताना जीव जातो. पातेलं दीडपट मोठं असणं हा यावरचा खरा इलाज. २७-२८ लिटर वर्टला ३८-४० लिटरचं पातेलं लागतं. नसेल तर त्या दहा मिनिटांत तिथून हलू नका, आच हाताशी ठेवा आणि फेसावर थंड पाण्याचा फवारा मारा. सिलिकोनच्या फेसमारक थेंबांनीही काम होतं.

इथे, डोंगराजवळ, आणखी एक गोष्ट घडते. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १६०९ मीटर उंच आहे, बोल्डर त्याहून किंचित वर. हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. उडण्याचा वेग त्याने फारसा बदलत नाही, कारण वाफेसाठी लागणारी उष्णता जवळपास तेवढीच राहते. बदलतो तो हॉप्सचा कडवटपणा. कडू आम्लांचं रूपांतर तापमानावर अवलंबून असतं, आणि पाच अंश कमी झाले की ते साधारण एक-तृतीयांशाने मंदावतं. त्यामुळे लंडनच्या किंवा न्यू जर्सीच्या मित्राची कृती इथे जशीच्या तशी केली की बिअर कमी कडू लागते. काही लोक त्यावर उपाय म्हणून उकळी अर्ध्या तासाने वाढवतात आणि आणखी दोन लिटर पाणी हवेत सोडतात. माझ्या मते हॉप्स थोडे जास्त टाकणं अधिक शहाणपणाचं. वाढीव उकळीने ग्रॅव्हिटीचा सगळा हिशोब पुन्हा मांडावा लागतो. हॉप्स वाढवल्याने तो जागच्या जागी राहतो.

मुद्दाम आटवून केलेल्या बिअरचीही एक मोठी परंपरा आहे, आणि ती पाहिल्यावर आटणं म्हणजे नुकसान हा विचार मागे पडतो. नॉर्वेच्या पश्चिमेकडे व्हॉस या भागातले शेतकरी जुनिपरच्या फांद्या घालून तापवलेल्या पाण्यात माल्ट भिजवतात आणि ते वर्ट लाकडाच्या आचेवर तीन-चार तास उकळतात. फिकट माल्टपासून सुरू झालेलं वर्ट शेवटी तांबूस-तपकिरी होतं, दाट होतं, त्याला कॅरॅमलची चव येते. मग त्यात घराण्यातून चालत आलेलं क्वाइक नावाचं यीस्ट घालतात, तेही वर्ट चाळीसेक अंशांइतकं कोमट असताना, जिथे एरवीची यीस्ट बिघडून जातात. आणि तिथून उत्तरेला हॉर्निनडालमध्ये, याच क्वाइकच्या परंपरेत, वर्ट मुळीच उकळत नाहीत. चोथ्यातून निथळलं, थंड केलं, यीस्ट घातलं. बिअर गढूळ, प्रथिनांनी भरलेली, धान्याच्या चवीची राहते. नॉर्वेच्या या शेतघरातल्या बिअरवर लार्स मारियुस गार्शोल यांनी वर्षानुवर्षं गावोगाव फिरून अभ्यास केला आहे. एकाच देशात, एकाच किनाऱ्यावर, एक गाव वर्ट चार तास आटवतं आणि दुसरं एक थेंबही उडू देत नाही, आणि दोन्हीकडे बिअर उत्तम होते.

ब्रसेल्सच्या लॅम्बिकचं कारण आणखी निराळं. तिथे न भाजलेला कच्चा गहू जवाबरोबर वापरतात आणि धान्य टप्प्याटप्प्याने, भरपूर गरम पाण्याने धुऊन काढतात. त्यामुळे गरजेपेक्षा कितीतरी जास्त आणि पातळ वर्ट हाती येतं. ते योग्य दाटपणाला आणायला अनेक तास उकळावंच लागतं. ॲन्डरलेख्टमधली कॅन्टियों ही १९०० साली स्थापन झालेली ब्रुअरी आजही हिवाळ्याच्या थंड महिन्यांत याच पद्धतीने काम करते. धान्य किती धुवायचं आणि वर्ट किती आटवायचं ही एकाच दोरीची दोन टोकं आहेत. जास्त धुतलं तर साखर जास्त निघते, पण ते पाणी उडवायला इंधन लागतं. घरी त्याला एक मर्यादाही आहे: निथळणाऱ्या पाण्याची ग्रॅव्हिटी १.०१० च्या खाली गेली की टरफलातला तुरटपणा उतरू लागतो. तिथे थांबावं. दोन लिटर वर्ट कमी मिळालं तरी चालेल.

आता मोजमाप. सगळे घोटाळे इथे होतात, कारण गरम पाणी फुगलेलं असतं. उकळतं पाणी २० अंशांपर्यंत निवलं की त्याचं आकारमान सुमारे चार टक्के कमी होतं. पातेल्यात उकळी थांबताना २३.४ लिटर दिसलं तर थंड झाल्यावर ते २२.५ भरतं. ही तूट नाहीच, एक ग्रॅमही कुठे गेलेला नसतो. पण गरम आकडा आणि थंड आकडा एकाच ओळीत लिहिला की जवळजवळ एक लिटर हवेतून पैदा होतं किंवा गायब होतं. माझा नियम असा की वहीत फक्त थंड आकडे लिहायचे. गरम मोजलं तर लगेच ०.९६ ने गुणायचं. तांब्याची थंड करायची नळी पातेल्यात बुडालेली असताना पातळी वाचू नये, कारण ती नळी स्वतः जागा घेते.

पातळी वाचायला महागड्या काचनळीची गरज नाही. लाकडी पळीच्या दांड्यावर, पातेल्यात एकेक लिटर पाणी ओतत, खाचा कराव्यात. दुसऱ्या पातेल्याला दुसरा दांडा. ग्रॅव्हिटीसाठी हायड्रोमीटर, जो बिअरच्या धंद्यात रुजवण्याचं श्रेय हल शहरातल्या जॉन रिचर्डसन यांना दिलं जातं. १७८४ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकामुळे इंग्लंडच्या ब्रुअऱ्यांना पहिल्यांदा कळलं की कुठल्या माल्टमधून किती साखर मिळते. हायड्रोमीटर थंड वर्टसाठी आखलेला असतो, गरम वर्टमध्ये तो खरा असतो त्याहून कमी आकडा दाखवतो. शिवाय दर मोजणीला शंभरेक मिलिलिटर वर्ट लागतं. उकळी चालू असताना रिफ्रॅक्टोमीटर सोयीचा, त्याला दोन-तीन थेंब पुरतात आणि ते क्षणात निवतात. आंबवण सुरू झाल्यावर मात्र अल्कोहोलमुळे त्याचा आकडा फसवा होतो, तेव्हा पुन्हा हायड्रोमीटरकडे वळावं.

दिवसातला सर्वांत महत्त्वाचा क्षण उकळीआधीचा. चोथा वेगळा झाला, वर्ट पातेल्यात आहे, आच अजून मोठी केलेली नाही. लिटर मोजा, ग्रॅव्हिटी मोजा, गुणाकार करा. पॉइंट ११२५ च्या आसपास आले आणि फक्त पाणी जास्त झालं असेल, तर पहिले हॉप्स टाकायच्या आधीच जादा पाणी उडवून घ्या आणि मग तासाचं घड्याळ लावा. हॉप्स टाकून झाल्यावर उकळी लांबवली तर कडवटपणा बिघडतो. पॉइंट बरोबर आणि लिटर कमी असतील तर पाणी आत्ताच घाला. पॉइंटच कमी असतील तर कितीही आटवून ते वाढणार नाहीत, आटवल्याने फक्त बिअर कमी होते. तिथे माल्टची पावडर हाच उपाय. साधारण अर्धा किलो पावडरने या खेपेत पावणेदोनशे पॉइंटची भर पडते.

उकळीनंतर कळलं की वर्ट जास्त आटलं आहे, तर उकळून घेतलेलं पाणी घालावं. ११२५ पॉइंट भागिले ५०, म्हणजे एकूण २२.५ लिटर होईपर्यंत. २१ लिटर उरलं असेल तर दीड लिटर. याने ग्रॅव्हिटी आणि कडवटपणा दोन्ही पुन्हा जागेवर येतात. अंदाजाने 'थोडं' पाणी घालणाऱ्यांना मी इतकंच सांगेन की गुणाकाराला पंधरा सेकंद लागतात आणि बिअरला तीन आठवडे.

गाळातल्या दोन लिटरबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. पातेल्याच्या तळाचं शेवटचं वर्ट मिळवण्यासाठी लोक पातेलं तिरकं करतात, हॉप्सचा लगदा गाळून पिळतात. १०० ग्रॅम हॉप्स सहज अर्धा लिटर वर्ट धरून ठेवतात, ते सोडवत नाही हे समजण्यासारखं आहे. पण पिळल्याने हॉप्सचा गवताळ कडवटपणाही खाली येतो. आंबवून झाल्यावर यीस्टच्या थराजवळची बिअर ओढून घेणं तर आणखी वाईट, कारण त्या ओढाताणीत हवा मिसळते आणि बिअरची चव काही आठवड्यांत पुठ्ठ्यासारखी होते. हॉप्सचा भरपूर वापर असलेल्या आयपीएला हे सर्वांत आधी भोवतं. ही तूट वाचवायची नसते, आधीच धरून चालायची असते. कृती आखतानाच दोन लिटर जास्तीची आखा, माल्ट त्या प्रमाणात वाढवा आणि तळाचं तळाला सोडून द्या.

नवं पातेलं किंवा नवा बर्नर घेतलात, तर पहिल्या दिवशी त्यात बिअर करू नका. २५ लिटर थंड पाणी मोजून घाला, उकळी फुटली की घड्याळ लावा, नेहमी ठेवाल तेवढीच आच ठेवून झाकण न लावता बरोबर तासभर उकळा, रात्रभर निवू द्या आणि सकाळी पुन्हा मोजा. जो फरक येईल तो आकडा पक्क्या रंगाने पातेल्याच्या कानाखाली लिहून ठेवा, आणि बर्नर बदलला की पुसून नवा लिहा.